रिकाम्या रकान्यात 'हो'

ती ओळ तिला चहाच्या पहिल्या घोटाबरोबर दिसली, आणि तो घोट गिळायचा की समोरच्या पडद्यावर थुंकायचा हा प्रश्न काही क्षण तिच्यापुढे खराखुरा उभा राहिला. ओळ एवढीशी होती. यंत्राच्या भाषेत लिहिलेली; माणसांच्या भाषेत सांगायचं तर, रकाना रिकामा असेल तर 'हो' धर. बस्स. वर बऱ्याच ओळी होत्या, खाली बऱ्याच ओळी होत्या, आणि मध्ये ही बसली होती. रांगेत घुसून वर आपण पहिल्यापासून इथेच उभे आहोत असा चेहरा करणारी माणसं असतात, तशी. तिने चहा गिळला. जीभ भाजली. भाजलेल्या जिभेने बोलू नये हे तिला अनुभवाने माहीत होतं, म्हणून ती बोलली नाही. नुसती त्या ओळीकडे बघत राहिली आणि तिच्या मानेमागून, जिथे हल्ली थंडीत दुखायचं तिथून, राग वर चढायला लागला. घाई न करता, एकेक पायरी, जिने चढणाऱ्या जाड माणसासारखा.

ती फायली वाचायची. म्हणजे स्वतः बसून नव्हे, वाचणारा प्रोग्रॅम लिहायची. कुठलं तरी रुग्णालय, कुठली तरी शाळा, कुठलं तरी पाणीपुरवठा खातं आपल्याकडची माहिती फायलीत भरून पाठवायचं आणि तिच्या प्रोग्रॅमने ती ओळीओळीने वाचून, स्वल्पविराम दिसला की तोडून, ज्या रकान्यातलं त्या रकान्यात ठेवायचं. ऐकायला हे भाजी निवडण्याइतकं सोपं वाटतं. पण माणसं फाइल भरतात तेव्हा माणसांसारखीच भरतात. कुणी तारीख आधी लिहितं, कुणी महिना आधी. कुणी शून्याने सुरू होणारा क्रमांक लिहितं आणि यंत्राला वाटतं, पुढच्या शून्याला काय अर्थ आहे, ते शून्य गिळून टाकतं. कुणी पत्त्यातच स्वल्पविराम देतं, की पत्ता तिथे तुटतो आणि उरलेली ओळ एकेक घर पुढे सरकते. अशाच एका फायलीत पूर्वी एका म्हाताऱ्या बाईंचं वय 'मागची गल्ली' आणि रक्तगट 'पंचाहत्तर' झाला होता, आणि तिने त्या एका बाईंसाठी सगळं काम अडवून धरलं होतं. त्या दिवसापासून कचेरीत तिला पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. नाव वाईट नव्हतं. निदान लोक तिच्यापाशी थोडे थांबतात असा त्यातून अर्थ निघत होता, आणि तो अर्थ खोटा होता एवढंच.

आजची फाइल एका मोठ्या रुग्णालयाची होती. आजारातून उठलेल्या, न उठलेल्या, अर्धवट उठलेल्या माणसांची. शेवटून दुसरा रकाना संमतीचा. तुमची सगळी माहिती, म्हणजे तुम्हाला काय झालं, कुठली बाजू लुळी पडली, रात्री कितीदा उठता, हे औषधं बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीला दिलं तर चालेल का? हो किंवा नाही. आणि पुष्कळ माणसांनी त्यात काहीच लिहिलं नव्हतं. दोन स्वल्पविराम शेजारी शेजारी, मध्ये काही नाही. तिला ती जागा नेहमी बारीक, बंद ओठांसारखी दिसायची. कोण असतील ही माणसं? ज्याच्या हातात पेन राहिलं नाही तो. ज्याला प्रश्नच कळला नाही तो. ज्याच्या लेकीने बाकीचे सगळे रकाने भरले आणि इथे येऊन हात थांबवला, की हे आपलं नव्हे, हे आईच बरी झाली की ठरवील. ती लेक तर ती स्वतःच होती, आईला पक्षाघात झाला तेव्हा, दुसऱ्या रुग्णालयात, वेगळ्या कागदावर. तो रकाना तिने मुद्दाम रिकामा ठेवला होता. मोठा आदर करतोय अशा भावनेने ठेवला होता. आणि तिथेही कुणीतरी चलाख माणूस बसलेला असणार, चहा पीत, एक ओळ लिहून मोकळा झालेला.

सकाळी बसमध्ये दादाचा फोन आला होता. तिचा मोठा भाऊ. दादा फोनवर 'हॅलो' म्हणत नाही, सरळ मुद्द्याचं बोलतो. त्याच्या मते त्यामुळे वेळ वाचतो, आणि वाचलेल्या वेळात तो आणखी एक फोन करतो. 'मी काल आईला विचारलं,' तो म्हणाला. 'निवासाचं. काही बोलली नाही. म्हणजे तिची हरकत नाही. तिथे एक खोली रिकामी झालीय, खिडकीची. आज संध्याकाळी मी हो कळवून टाकतो.' निवास. ती वृद्धाश्रम म्हणायची, दादा निवास म्हणायचा, आणि वहिनी 'ती जागा' म्हणायची. 'काही बोलली नाही म्हणजे?' तिने विचारलं. 'म्हणजे बोलली नाही.' 'अरे, तिला बोलता येत नाही!' 'येतं की. परवा पाणी म्हणाली.' 'किती वेळाने म्हणाली?' यावर दादा म्हणाला, 'हे बघ, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडू नकोस. नाही म्हणायचं असतं तर मान हलवली असती. मान तर हलते ना तिची?' समोरच्या सीटवरचा माणूस मान वळवून बघायला लागला तेव्हा तिला कळलं की आपण ओरडतो आहोत. 'आईला नाही जायचं,' ती ओरडत होती, 'मला माहीत आहे ना! तिला नाही जायचं!' 'तुला म्हणाली तसं?' 'म्हणायला कशाला पाहिजे?' आणि तिने फोन बंद केला होता, आणि चुकीच्या थांब्यावर उतरली होती, आणि रागाने चालत कचेरीत आली होती, आणि चहा घेतला होता, आणि तेवढ्यात ही ओळ.

रिकामं म्हणजे हो. तिचं अख्खं आयुष्य याच नियमाने वाचलं गेलं होतं, आणि त्याची सुरुवात एका उकडलेल्या बटाट्यापासून झाली होती हे ती कुणाला सांगू शकत नव्हती, कारण सांगितलं की लोक हसायचे. ती सतरा वर्षांची असेल. तिला दगडांचा अभ्यास करायचा होता. खरंच. खिडकीत, कपाटात, चपलांच्या मागे दगड असायचे, प्रत्येकाच्या पोटात कुठल्या तरी रंगाची शीर, आणि मोठं झाल्यावर आपण डोंगर फोडत हिंडणार याबद्दल तिला एवढी खात्री होती की ते बोलून दाखवायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्रीचं जेवण चाललं होतं. बाबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, 'हिला कॉम्प्युटरला घालू या. पुढे त्यालाच दिवस येणार आहेत. काय गं?' आणि नेमका त्याच क्षणी तिने वाफाळता बटाटा अख्खा तोंडात घातला होता. थुंकता येईना, गिळता येईना, डोळ्यांतून पाणी, आणि ती हाताने वारा घालत होती. बाबा वाट बघत होते. म्हणजे बघत असतील. एक घास खाऊन होईपर्यंत. मग आई म्हणाली, 'बोलत नाही म्हणजे पसंत आहे तिला.' झालं. बटाटा गिळून होईपर्यंत बाबा पाण्याच्या बिलावर पोचले होते. दगड बरेच दिवस खिडकीत होते, मग बाल्कनीत गेले, मग कुंड्यांत. लग्नाचंही तसंच झालं. तेव्हा तोंडात बटाटा नव्हता, नुसती भीड होती, आणि ते लग्न त्या भिडेइतकंच टिकलं. परत आली तेव्हा आईने दार उघडलं आणि काही न विचारता तिची बॅग आत घेतली. तेही रिकामंच ठेवलं आईने. त्यात 'बरं झालं आलीस' असं लिहिलेलं आहे, असं इतकी वर्षं ती धरून होती.

झटपट आला तेव्हा तिचा चहा गार झाला होता. झटपट म्हणजे त्यांच्या गटाचा प्रमुख. तिच्यापेक्षा खूप लहान, स्वभावाने गोड, कुणाच्या वाढदिवसाला केक आणायला न विसरणारा. आणि कुठलीही अडचण आली की 'हे झटपट करून टाकू' म्हणणारा. त्याचा राग येणं फार कठीण होतं. तिला आज ते सहज जमलं.

'ही ओळ तुझी?'

'कुठली, ताई?'

'रिकामं असेल तर हो धर म्हणणारी.'

'हां, ती!' त्याचा चेहरा उजळला. एखाद्याने आपल्या मुलाचा विषय काढावा तसा. 'ती नव्हती ना, तर फाइल आतच जात नव्हती. रिकामा रकाना दिसला की अडून बसायची.'

'मग बसू दे ना.'

'ताई, फाइल बसेल. ग्राहक बसतो का?'

'ग्राहकाला उभं राहू दे. तू यांच्या वतीने हो कसं म्हणतोस?'

'मी कुठे म्हणतोय? त्यांनी नाही म्हटलेलं नाही ना.'

'हो म्हटलंय?'

'तसं नाही म्हटलंय. पण ताई, ज्याला नको असतं ना, तो लिहितोच. मला जेव्हा नको असतं…'

'तुझे दोन्ही हात चालतात,' ती उठून म्हणाली, आणि आवाज एवढा वर गेला की पलीकडच्या रांगेतल्या सगळ्यांनी एकदम टंकायचं थांबवलं. कचेरीत शांतता पसरते तेव्हा ती शांतता नसते, कान असतात. 'तुझं तोंड चालतं. जिभेवर शब्द येतो आणि त्याच क्षणी बाहेर पडतो, मध्ये तुझं डोकं लागतसुद्धा नाही! यांना एक शब्द काढायला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे? आणि तेवढ्यात तू हो लिहून पुढच्या माणसाकडे गेलास. काय घाई आहे रे? कुठे जायचंय तुम्हा सगळ्यांना?'

झटपट काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काय धरायचा हे रांगेतल्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं आणि टंकायचे आवाज पुन्हा सुरू झाले. ती खाली बसली. तिने ती ओळ पुसली. तिच्या जागी दुसरी लिहिली: रकाना रिकामा असेल तर थांब, आणि कोणाचा आहे ते सांग. सुरू केलं. प्रोग्रॅम पहिल्याच रिकाम्या रकान्याशी जाऊन धडकला आणि थांबला, पडद्यावर लाल अक्षरं आली. तिला बरं वाटलं. फार दिवसांनी कुणीतरी तिला हवं तसं वागलं होतं. अडलं तर अडलं म्हणून सांगणारं.

दुपारपर्यंत वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. झटपट तिच्या टेबलाशी आला, पण या वेळी दोन पावलं लांब उभा राहिला. 'ताई, सगळं लाल झालंय.'

'लालच व्हायला पाहिजे.'

'साहेब विचारतायत, कुणी केलं.'

'माझं नाव सांग.'

'सांगितलं. ते म्हणाले, ताईंना काय झालंय?' मग त्याने आवाज उतरवला. त्याला खरंच काळजी वाटत होती, हेच तर वैतागवाणं होतं. 'बरं, ठीक आहे. हो धरायचं नाही. मान्य. मग नाही धरू या? सगळीकडे नाही घालून टाकतो. कुणाचंच नुकसान नाही. चालेल? झटपट होईल.'

'काहीच धरायचं नाही!' तिने टेबलावर हात आपटला. 'नाही म्हणायलाही त्यांचंच तोंड लागतं, तुझं नाही! माहीत नाही ना, मग माहीत नाही म्हण. आणि ज्याचं त्याला जाऊन विचार. विचार, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस!'

'एवढ्या सगळ्यांना विचारायचं?' झटपट म्हणाला. 'बापरे. कोण विचारणार?' आणि खरोखरच हे काम कोणाचं या विचारात पडून, डोकं खाजवत, निघून गेला.

संध्याकाळच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. काचेवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता आणि त्यातून रस्ता धुक्यातल्यासारखा दिसत होता. दुकानांच्या पाट्या, सायकली, शटर ओढणारा एक न्हावी. ती अजून दादाशी भांडत होती. मनातल्या मनात, पण ओठ हलत होते. विचारलंस म्हणे. काय विचारलंस? दारात उभं राहून, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत? आईला वाचा शिकवायला यायच्या त्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, 'शब्द आत शाबूत आहेत. फक्त रस्ता लांबचा झालाय. तुम्ही एकच करायचं. थांबायचं. वाक्य त्यांना पुरं करू द्यायचं, तुम्ही करायचं नाही.' दादाने ते कधी ऐकलंच नाही. विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, एवढं साधं. एवढं साधं त्याला… इथे तिचे ओठ थांबले. कारण 'विचारलंस म्हणे' याच्या पुढे जे वाक्य यायला हवं होतं, 'मी विचारलं तेव्हा', ते येईना. ती शोधत राहिली. निवासाबद्दल आईशी ती किती बोलली होती! 'तुला मी कुठेही पाठवणार नाही.' 'दादाचं मनावर घेऊ नकोस.' 'तुला नाही जायचं, मला माहीत आहे.' सगळी वाक्यं पूर्णविरामाची. सकाळी चहाच्या वेळीसुद्धा आई 'च' म्हणून अडली तेव्हा ही 'चहा, चहाच ना, आणते' म्हणून उठूनही गेली होती. कदाचित आईला चष्मा हवा असेल.

तिला एकदम उकडायला लागलं. मग आई, दादा आणि ती वृद्धाश्रम बघायला गेले होते तेव्हाचं आठवलं, आणि आता ते वेगळंच दिसायला लागलं. लांब खोली होती, खिडकीपाशी एक वृद्ध गृहस्थ आपल्या कोटाचं बटण लावत बसले होते. एकच बटण. बोटं यायची, घसरायची, परत यायची. शेजारून तिथली सेविका गेली, थांबली नाही, मदत केली नाही, 'लावा लावा, घाई नाही' म्हणून पुढे गेली. तिला तर संतापच आला होता. माणसं अशी टाकून देतात इथे! आणि आईने तिचा हात घट्ट धरला होता. चाकाच्या खुर्चीतून ती टक लावून त्या बटणाकडे बघत होती. घाबरली, तिने तेव्हा ठरवलं. बघ, घाबरली ना ती, तिने दादाला गाडीत सुनावलंही होतं. आईच्या घट्ट धरलेल्या हातात काय लिहिलं होतं कोण जाणे. हिने त्यावर आपल्या अक्षरात 'नाही' लिहून टाकलं होतं आणि शाई वाळेपर्यंतही थांबली नव्हती.

घरी दिवसभर सोबतीला असणारी बाई निघायच्या तयारीत होती. तिने बटाटे उकडून ठेवले होते, मीठ-लोणी घालून. आईला एका हाताने खाता येईल असं तेवढंच. बाई गेली. मग हिने खुर्ची ओढली, आईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ, आणि मांडीवर हात ठेवून बसली, परीक्षेला बसल्यासारखी. 'आई,' ती म्हणाली, 'तुला निवासात जायचंय का?' 'निवास' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला. प्रश्न संपला आणि थांबणं सुरू झालं.

थांबणं एवढं हिंस्र असतं याची तिला कल्पना नव्हती. आईचे ओठ हलले, मिटले. उजव्या बाजूचा ओठ खाली ओघळलेला, त्यावर थोडी ओल. घड्याळ. वरच्या मजल्यावर कुणी तरी खुर्ची सरकवली. तिच्या जिभेवर शब्द येऊन उड्या मारायला लागले, नाही ना? नाहीच ना? आणि तिने सकाळची भाजलेली जीभ दातांत दाबून धरली. आई तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठे तरी बघत होती, लांबच्या रस्त्याने काही तरी ओढत आणत असल्यासारखी. आण लवकर! तिला ओरडावंसं वाटलं. काय एवढं जड आहे? तिला आईचा राग आला, दादाचा आला, झटपटचा आला, त्या फायलीतल्या सगळ्या माणसांचा आला, की एक शब्द लिहायला काय झालं होतं तुम्हाला. आणि मग स्वतःचा आला तेव्हा तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा निघाला आणि बाकीच्यांना जागाच उरली नाही. तरी ती बोलली नाही. खिडकीतला उजेड पिवळ्याचा राखाडी झाला.

'जा…' आई म्हणाली.

ती कुठेही गेली नाही. उठून पाणी आणायलाही नाही.

'…ते,' आई म्हणाली.

जाते. 'का?' तिने विचारलं, आणि आवाजात जो डंख होता तो तिला आवरता आला नाही. 'मी काय कमी केलं?' मग पुन्हा ओठ आवळून बसली, कारण विचारलं होतं. या खेपेला आईला आणखी लांबून यावं लागलं. मध्ये एकदा ती हरवली, डोळे मिटून घेतले, हिला वाटलं झोपली, पण नाही. डावा हात उचलून तिने हवेत, छातीपाशी, दोन बोटं एकमेकांवर घासली. बटण लावल्यासारखी.

'तिथे,' आई म्हणाली. थांबली. 'सगळ्यांनाच… वेळ लागतो.'

ती रडली नाही. रडली असती तर बरं दिसलं असतं. तिला आतून लाल झाल्यासारखं वाटत होतं. सगळं अडलेलं, आणि कुठे अडलंय ते स्वच्छ दिसणारं. आई तिला सोडून, तिच्या हातचं सोडून, दोन खोल्यांतला तिचा सगळा जीव तोडून केलेला संसार सोडून, बटण न लागणाऱ्या माणसांत निघाली होती, आणि हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आता एकदाच विचारून घ्यावं म्हणून तिने दुसराही प्रश्न विचारला. 'तेव्हा, मी लहान असताना, कॉम्प्युटरला घालायच्या वेळी. बोलत नाही म्हणजे पसंत आहे, असं का म्हणालीस?' आईने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. 'मला,' ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने, 'वाटलं.' पुढचं आलं नाही. काय वाटलं? तिला पुरं करता आलं असतं, चांगल्यातलंही, वाईटातलंही. तिने ते तसंच सोडलं. तिच्या हाताला ते फार जड गेलं.

मग त्या जेवायला बसल्या. बटाट्यांना अजून वाफ होती. आईने एक तुकडा चमच्याने दाबला, तेवढ्यात फोन वाजला.

'मग?' दादा. 'त्यांना आत्ता कळवायचंय मला. विचारलंस का काही?'

ती उत्तर द्यायला श्वास घेत होती. नुसता श्वास. तेवढ्यात तो म्हणालाच, 'गप्प आहेस म्हणजे हो म्हणालेली दिसतेय! मी म्हणतच होतो. ठीक आहे मग, कळवून टाकतो.'

आणि तो बरोबर होता. हे सहन होण्यापलीकडचं होतं. दारात किल्ली फिरवत उभा राहणारा, न थांबणारा, न ऐकणारा दादा, डोळे मिटून दगड भिरकवावा आणि तो नेमका लागावा, तसा बरोबर होता. आणि ती, औषधं वेळेवर देणारी, रात्री उठणारी, आईच्या बाजूने बसमध्ये ओरडणारी, ती चूक होती. आता जर ती 'हो' म्हणाली तर त्याला आयुष्यभर वाटणार की त्याची ओळ बरोबर आहे. आणि 'नाही' म्हणाली तर ती झटपटहून काय वेगळी?

'कळवू नकोस,' ती म्हणाली. 'उत्तर आहे. आई स्वतः बोलली आहे. पण आत्ता माझ्या तोंडात बटाटा आहे.'

'काय आहे?'

'बटाटा. गरम. तो संपेपर्यंत तू काहीही धरायचं नाहीस. हो पण नाही, नाही पण नाही. फोन कानाला लावून बसायचं.'

'अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एका शब्दाचं तर…'

तिच्या तोंडात बटाटा नव्हता. ती खोटं बोलली होती, म्हणून तिने ते ताबडतोब खरं केलं. बशीतला सगळ्यांत मोठा उचलला आणि अख्खा तोंडात घातला. सकाळची जीभ पुन्हा भाजली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हाताने वारा घालत, एकेक बाजूने, अगदी सावकाश, चावायला लागली. 'हॅलो?' दादा म्हणत होता. 'हॅलो? मग काय समजू मी? … अगं, हॅलो?' मग तो गप्प झाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या मागे वहिनीचा आवाज आला, 'काय म्हणतायत?' आणि तो म्हणाला, 'माहीत नाही.' त्याच्या तोंडून ते दोन शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते.

आईच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली होती. तिने डावा हात टेबलावर ठेवला आणि पुढे सरकवायला सुरुवात केली. तो मिठाच्या भांड्याशी अडला, वळसा घालून आला, पेल्याशी थांबला, आणि कुणी मदत केली नाही. बशीपाशी पोचल्यावर आईने ती बोटांनी लेकीकडे ढकलली. बशीत अजून दोन होते.